कोथिंबीर कशात न्यावी?

२०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड जाहीर झाला. त्या धाकाने आमच्या सोसायटीतली भली माणसं कोथिंबिरीची जुडी पुष्पगुच्छासारखी हातात धरून घरी येऊ लागली. पुढे धाक ओसरला, आणि भाजीवाल्या मावशींच्या गोणपाटाखालून पातळ पिशव्या पुन्हा डोकावू लागल्या.

तिसऱ्या मजल्यावरचे काका मात्र कट्टर कागदवाले. "कागद मातीत मिसळतो," हे त्यांचं पालुपद. भर पावसात ओल्या पालकासकट तो मंडईच्या दारातच, सर्वांच्या देखत मिसळला. टोमॅटो रिक्षा स्टँडपर्यंत गेले.

गंमत अशी, की प्लास्टिकची पिशवी घडवणारे स्वीडनचे स्टेन गुस्ताफ थुलिन यांना म्हणे झाडंच वाचवायची होती. लोक पिशवी घडी करून खिशात ठेवतील, पुन्हा पुन्हा वापरतील, असं त्यांच्या मनात होतं, हे त्यांच्या मुलानेच सांगितलंय. भाबडा माणूस! दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवणारं एखादं मराठी घर त्यांनी पाहिलं असावं, जग नव्हे.

मग मी आकडे काढले. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २०११ चा हिशेब सांगतो, की हवामानाच्या बाबतीत साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला कागदी पिशवी तीनदा वापरावी लागते आणि सुती १३१ वेळा. (२००५ च्या जुलैत मुंबईची गटारं कशाने तुंबली, ते या हिशेबात नाही.) डेन्मार्कच्या २०१८ च्या अहवालात तर सगळे निकष धरून सुती पिशवीला ७१०० फेऱ्या! रोज मंडई केली तरी साडेएकोणीस वर्षं.

आईला हे वाचून दाखवलं. तिच्या पिशव्या बाबांच्या जुन्या पँटींच्या. एकीला अजून चोरखिसा आहे, त्यात सुटे पैसे राहतात.

"पँट म्हणून वापरलेली वर्षं त्यात धरायची का, तेवढं विचार त्यांना," ती म्हणाली.

तेवढ्यात काका नवी पिशवी मिरवत आले. "आता शुद्ध कापडी!" वर कुणाच्या तरी मुंजीचा बटू छापलेला. आईने पोत चाचपला, शब्द न बोलता काडेपेटी आणली आणि पिशवीचा कोपरा पेटवला. तो वितळून टपटप गळू लागला. पॉलिप्रॉपिलीन!

"अहो वहिनी," काका कळवळले, "निदान आतले पेढे तरी काढू द्यायचे!"