नव्या संचात

1967 साली लंडनमध्ये ख्रिस कर्टिस नावाच्या माणसाला एक अफलातून कल्पना सुचली. 'सर्चर्स' या गाजलेल्या बँडमधून बाहेर पडलेला हा ड्रमर. त्याच्या मनात होतं, की बँड गोल फिरत राहील आणि वादक वाटेल तेव्हा त्यावर चढतील, वाटेल तेव्हा उतरतील. नावही ठरलं, 'राउंडअबाउट'. कापडधंद्यातले टोनी एडवर्ड्स पैसे घालायला तयार झाले. जॉन लॉर्ड ऑर्गनवर बसला, गिटारसाठी रिची ब्लॅकमोरला हॅम्बुर्गहून बोलावणं गेलं. आणि चक्र फिरायला लागायच्या आत पहिला माणूस उतरलासुद्धा. तो म्हणजे स्वतः कर्टिस.

1968 मध्ये बँडचं नाव बदलून 'डीप पर्पल' झालं, ब्लॅकमोरच्या आजीच्या आवडत्या गाण्यावरून. आजीची निवड मात्र आजवर टिकली.

आपल्याकडे गाजलेलं नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं की जाहिरातीत 'नव्या संचात' असं छापतात. वाचणारा मनात म्हणतो, जुन्या संचाची सर नाही, आणि तरी तिकीट काढतो. डीप पर्पलचं गेलं अर्धशतक म्हणजे हीच जाहिरात. तिथले रसिक संचांना 'मार्क वन', 'मार्क टू' असे क्रमांक देतात. कॉलेजात असताना मी आणि माझा एक मित्र आमच्या घरी यावरच तासन् तास भांडत असू. 'मार्क टूला तोड नाही', 'मार्क थ्री उगाच बदनाम आहे', असं काहीबाही स्वयंपाकघरात ऐकू जाई आणि पोरं अभ्यासावर बोलतायत या समजुतीनं आई न सांगता चहा आणून देई. तो चहा आम्ही निर्लज्जपणे प्यायलो.

मित्राचं दैवत ब्लॅकमोर. ब्लॅकमोर म्हणजे डीप पर्पल, बाकीचे साथीला, हे त्याचं ठाम मत. गंमत म्हणजे ब्लॅकमोरचंही तेच मत असावं. 1969 मध्ये गायक रॉड इव्हान्स आणि बास वाजवणारा निक सिम्पर यांना काढायचं ठरलं, तेव्हा उरलेल्या तिघांनी इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर या दोघांना गुपचूप आणलं. काही दिवस नव्या दोघांबरोबर चोरून तालीम आणि जुन्या दोघांबरोबर राजरोस प्रयोग, असा दुहेरी संसार चालला. जुन्या दोघांना पत्ता नव्हता. मंडळी गाण्यात किती मुरली होती ठाऊक नाही, पण राजकारणात तयार झाली होती.

आता दोन मुखपृष्ठांविषयी. मित्राकडे 'इन रॉक'ची कॅसेट होती, हाताळून कडा पांढऱ्या पडलेली. 1970 चा हा अल्बम, गिलन-ग्लोव्हर आल्यावरच्या संचाचा, म्हणजे मार्क टूचा पहिला दणका. मुखपृष्ठावर अमेरिकेतला माउंट रशमोरचा डोंगर, पण राष्ट्राध्यक्षांच्या जागी बँडमधल्या पाचांचे चेहरे, केसांसकट कोरलेले. वॉशिंग्टन, लिंकन वगैरे मंडळींना हटवून वर बसायचं म्हणजे यावच्चंद्रदिवाकरौ राहायच्या तयारीनंच. 1973 च्या जूनमध्ये त्यातले दोन चेहरे डोंगरावरून खाली. गिलन कंटाळून निघाला आणि ग्लोव्हरला निघायला लावलं. मग आला 'बर्न', मार्क थ्रीचा पहिला अल्बम. याच्या मुखपृष्ठावरही पाचजण आहेत, पण मेणबत्त्यांच्या रूपात, प्रत्येकाच्या डोक्यावर वात पेटलेली. दगडाकडून मेणाकडे हा प्रवास चार वर्षांत! कुणीतरी अनुभवातून शिकलं होतं. मेण अंदाजाप्रमाणेच टिकलं, आणखी एक अल्बम झाला आणि 1975 मध्ये खुद्द ब्लॅकमोर निघून गेला.

मार्क थ्रीचा गायक डेव्हिड कव्हरडेल हा इंग्लंडच्या ईशान्येकडचा, कपड्याच्या दुकानात नोकरी करणारा पोरगा. वर्षभराच्या आत तो कॅलिफोर्नियात लाखांच्या वर गर्दीसमोर गात होता, आणि शेजारी ब्लॅकमोर टीव्हीवाल्यांच्या कॅमेऱ्यात गिटार खुपसत होता. दुकानातल्या गिऱ्हाइकांची त्याला त्या क्षणी आठवण आली असणार. शिवाय त्याला 'स्मोक ऑन द वॉटर' गायचं होतं. डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कसिनो जळाला, ती आग बँडनं प्रत्यक्ष पाहिली आणि त्यावर हे गाणं बांधलं. कव्हरडेल तिथं कुठला असायला! पुढं गायक म्हणून जो लिन टर्नर आला, त्यानंही ती आग पाहिलेली नव्हती. पण हे गाणं गायल्याशिवाय पब्लिक घरी सोडत नाही. एखाद्या जळिताच्या खटल्यात इतके ऐकीव साक्षीदार कुणी उभे केले नसतील.

ब्लॅकमोरच्या जागी आलेला टॉमी बोलिन गुणी पोरगा होता. 1976 मध्ये बँड मोडला आणि त्याच डिसेंबरात तो गेला, वय अवघं पंचवीस. त्याच्यावर आम्ही कधी भांडलो नाही.

1980 मध्ये तर कहर झाला. काढून टाकलेल्या रॉड इव्हान्सनं चार अनोळखी वादक घेऊन 'डीप पर्पल' याच नावानं अमेरिकेत प्रयोग लावले. प्रकरण कोर्टात गेलं आणि 6,72,000 डॉलरचा भुर्दंड बसला. या एका संचाला मार्क मिळाले नाहीत.

1984 मध्ये मार्क टू पुन्हा जमला. 1989 मध्ये गिलनला काढलं, 1992 मध्ये परत आणलं, 1993 मध्ये ब्लॅकमोर चालू दौऱ्यातून उठून गेला आणि जपानचे ठरलेले कार्यक्रम जो सॅट्रियानीनं निभावून नेले.

हे सगळं पाहून मी एक सिद्धान्त मांडला आहे. बँडमध्ये माणूस किती टिकणार, हे त्याच्या वाद्याच्या वजनावर ठरतं. गायकाकडे उचलायला काहीच नसतं. राग आला की तो तसाच चालू पडतो, म्हणून गायकांची सतत ये-जा. गिटारवाला पेटी बंद करून पाच मिनिटांत दाराबाहेर. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मात्र चौघांनी उचलायचा ऐवज. हमाल बोलवेपर्यंत राग शांत होतो. लॉर्ड 2002 पर्यंत राहिला. आणि ड्रमर इयन पेस 1968 पासून आजतागायत, प्रत्येक मार्कात. ड्रम सोडवून, पुसून, खोक्यात भरायचे म्हणजे भांडण कशावरून होतं तेच विसरायला होतं.

पेसच्या चिकाटीला दुसरंही कारण असू शकेल. सुरुवातीला बँडचा ड्रमर होता बॉबी वुडमन. सांगतात ते असं, की वुडमन सिगारेट आणायला बाहेर गेला, तेवढ्यात ब्लॅकमोरनं पेसची चाचणी उरकून घेतली. जागा सोडली की काय होतं हे ज्यानं पहिल्याच दिवशी पाहिलं, तो कशाला उठतोय?

माझ्या सिद्धान्ताला सुरुंग लावला तो स्टीव्ह मोर्सनं. वाद्य गिटार, शिवाय हा मधल्या काळात चक्क विमान कंपनीत वैमानिक होता. उडून जायची सगळी सोय असलेला हा माणूस 1994 मध्ये आला आणि 28 वर्षं हलला नाही. ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळून सोळा-सतरा वर्षं भरतात. तरीही मोर्स शेवटपर्यंत 'तो नवीन गिटारवाला'च.

एप्रिल 1995 मध्ये हा संच मुंबईला आला. त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पुढं 'बॉम्बे कॉलिंग' नावानं निघाला. नावात एक खोच आहे. बँडच्या 'चाइल्ड इन टाइम' या गाण्याची सुरावट ज्या अमेरिकन गाण्यावरून उचलली होती, त्याचंही नाव हेच. मी तिकीट काढलं. मित्रानं तत्त्व म्हणून काढलं नाही. ब्लॅकमोर नाही तर डीप पर्पल नाही, त्यासाठी पैसे मोजणार नाही, वगैरे. कार्यक्रम संपवून बाहेर पडलो तर गेटापाशी हा उभा, शर्ट घामानं चिंब. म्हणाला, "सहज आलो होतो. भिंतीबाहेरून ऐकलेलं धरायचं नाही."

2022 मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे मोर्सनं बँड सोडला आणि उत्तर आयर्लंडचा सायमन मॅकब्राइड आला. याचा जन्म 1979 चा, म्हणजे बँड मोडून तीन वर्षं झाल्यावर हा जगात आला. 2024 मध्ये त्याला घेऊन नवा अल्बमही निघाला. मी उत्साहानं मित्राला फोन केला. पलीकडून बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग सुस्कारा टाकून म्हणाला, "वाजवतो बरा. पण मोर्स होता तोवरच त्यात राम होता."