गोपनीय, वीस बाय दहा

मांजरसुंब्याच्या चौकात चार रस्ते एकत्र येतात. बीडहून घाट चढून आलेला, सोलापूरहून धाराशिवमार्गे निघालेला, पाटोद्याकडं वळणारा आणि केज-अंबाजोगाईची वाट धरणारा, असा प्रत्येक माणूस इथं चहाला थांबतो आणि चहा येईपर्यंत समोरचं फ्लेक्स वाचतो. अशा चौकात विजेच्या दोन खांबांना नायलॉनची दोरी बांधून वीस बाय दहाचं एक फ्लेक्स लावलेलं आहे. त्यावर लिहिलंय : ‘भ्रष्टाचाराची गोपनीय माहिती देणाऱ्या धाडसी जागल्याचा जाहीर सत्कार’.

संघटना कुठली, हे विचारू नका. तुमच्याही तालुक्यात तिची शाखा आहे. लेटरहेडवर तराजू, लेखणी आणि मशाल एकाच वर्तुळात कोंबलेली असतात. सदस्य कुणीच नसतो, सगळे पदाधिकारी. राष्ट्रीय अध्यक्षांचं राष्ट्र चौसाळ्याला सुरू होतं आणि पाटोद्याच्या अलीकडं संपतं. वृत्तपत्रस्वातंत्र्याचं रक्षण आणि जागल्यांना संरक्षण ही संघटनेची ध्येयं. टोलनाक्यावर काच खाली करून ओळखपत्र दाखवणं, हा कार्यक्रम. 6 जानेवारीला दर्पण दिन आला आणि ध्येय व कार्यक्रम एकदाचे एकत्र आले.

आता ते फ्लेक्स नीट बघा. अर्ध्या जागेत राष्ट्रीय अध्यक्ष, काळा गॉगल लावून, हात जोडून. (गॉगल लावून हात जोडले की नेमकं कुणाला जोडलेत ते कळत नाही. ही सोय मोठी आहे.) उरलेल्या अर्ध्यात पदाधिकाऱ्यांची गोल-गोल डोकी. आणि उजव्या कोपऱ्यात तो जागल्या. त्याचा फोटो लग्नाच्या अल्बममधून कापलाय. एका बाजूची मुंडावळी कापायची राहिली आहे. खाली नाव, मुक्काम पोस्ट, तालुका आणि मोबाइल नंबर. पत्त्यात गावाच्या नावातला काना आधी राहिला होता म्हणे. प्रिंटिंगवाल्यानं तो स्वतःहून दुरुस्त केला, न जाणो, कुणी भलत्याच गावात जाऊन चुकीच्या माणसाला मारायचं.

अध्यक्षांना विचारलं, “साहेब, माहिती गोपनीय, मग नाव कशाला छापलं?”

“असं कसं! गुप्त ठेवलं तर लोकांना कळणार कसं, की आपण त्याला गुप्त ठेवलंय?”

या उत्तरापुढं माझी लेखणी गप्प झाली. पण फ्लेक्स अजून संपलेलं नाही. तळाला ‘शुभेच्छुक’ अशी एक ओळ असते आणि मराठवाड्याचं खरं अर्थशास्त्र त्या ओळीत असतं. तिथं पहिलंच नाव त्या ठेकेदार अण्णांचं आहे, ज्यांच्या रस्त्याबद्दल या पोरानं माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला होता. तोच तो रस्ता, ज्याचं डांबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं हातानं उचलून येतं. अर्ज कुणी टाकला, हे शोधायला अण्णांना फार कष्ट पडले नव्हते म्हणा. कायद्यानं उत्तराला तीस दिवस दिलेत, पण कार्यालयातून “अण्णा, तुमच्या रस्त्याचं कुणीतरी मागवलंय” असा फोन जायला चहा निवायचाही वेळ लागत नाही. तरी शंभर टक्के खात्री नव्हती. ती आता झाली, तीही स्वखर्चानं. अण्णा रोज त्या चौकातून जातात, स्पीडब्रेकरवर गाडी हळू होते, काच खाली येते, फोटो आणि पत्ता ताडून बघितला जातो. सत्काराची शालही त्यांनीच दिली. पोरानं शाल पांघरली, नारळ घेतला आणि आख्खा कार्यक्रमभर दाराकडं बघत बसला. पुढं दसरा झाला की हे फ्लेक्स कुणीतरी सोडून नेणार. फडावर कोपी झाकायला फ्लेक्ससारखं दुसरं काही नाही. मग ऊसतोडीच्या टोळीबरोबर हा गोपनीय इसम पत्त्यासकट पश्चिम महाराष्ट्रात जाईल आणि तिथल्या ठेकेदारांनाही त्याची ओळख होईल.

मी या प्रकारावर कायदेशीर इलाज शोधू लागलो आणि इथं माझं हसू बंद झालं. जागल्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा आहे. 2014 च्या मे महिन्यात त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तक्रारदाराची ओळख फोडणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे अध्यक्ष, प्रिंटिंगवाला आणि विजेचा खांब, तिघंही आत. पण केंद्र सरकार अधिसूचना काढून जी तारीख ठरवेल त्या तारखेला हा कायदा लागू होणार, असं त्यात लिहिलंय आणि ती तारीख दशक उलटलं तरी उगवलेली नाही. 2015 मध्ये त्यात दुरुस्तीचं विधेयक आलं. गाडी शोरूममधून बाहेर पडायच्या आधीच गॅरेजला नेली. लोकसभेत ते मंजूरही झालं आणि पुढं बारगळलं. तारखेचं काय? आपल्याकडं पोराच्या लग्नाची तिथी निघत नसेल तर चार माणसं घरी येऊन विचारतात. इथं विचारायला कुणी जात नाही, कारण जो विचारायला जाईल त्याचाच आधी पत्ता मागतील. हो, या कायद्यात निनावी तक्रार चालतच नाही. नाव सांगा, मग तुमचं नाव लपवू. प्रकरण सात वर्षांपेक्षा जुनं असेल तर चौकशी नाही. आणि जाणूनबुजून खोटी तक्रार केली असं ठरलं तर तक्रारदाराला दोन वर्षांपर्यंत कैद, 30 हजारांपर्यंत दंड. ठरवणार कोण, ते तुम्हाला माहीत आहे. इंग्रजांनी 1878 मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचं तोंड दाबणारा कायदा केला, तो एका बैठकीत मंजूर करून टाकला. तोंड दाबायला एक दिवस पुरतो. तोंड उघडणाऱ्याला वाचवायचं म्हटलं की मुहूर्त सापडत नाही. याचा राग येत नसेल तर हे सदर वाचू नका, शेजारचं राशिभविष्य वाचा.

बरं, पत्रकारांसाठी राज्याचा कायदा आहे. 2017 ला विधिमंडळात झाला, राष्ट्रपतींची संमती मिळून अमलात यायला 2019 उजाडलं. पत्रकारावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गुन्हा अजामीनपात्र, तपास उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करणार नाही. उत्तम. पण पत्रकार कोण? तर पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो एखाद्या माध्यम संस्थेत नोकरीवर वा कंत्राटावर आहे तो. आता आमचा तालुक्याचा वार्ताहर घ्या. त्याला पगार नाही, नेमणूकपत्र नाही. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि साहेबांचा वाढदिवस या तीन पिकांवर त्याचं वर्ष निघतं. जाहिरात आणली तर कमिशन, पुरवणी भरली तर अंक, आणि मार खाल्ला तर मालक विचारतात, “हे कोण? आमच्याकडं असं कुणी नाही.” पुरवणीतली अर्ध्या पानाची जाहिरात कुणाची? त्याच अण्णांची. म्हणजे ज्याच्या रस्त्याची बातमी लिहायची, त्याच्याच वाढदिवसावर दिवाळी करायची. स्वातंत्र्याला धोका बाहेरून आहे असं सांगणारे गॉगलवाले या पगाराबद्दल चकार शब्द काढत नाहीत. कारण त्यातले निम्मे त्या पुरवणीचे मालक आहेत.

संघटनेचं पुढचं पाऊलही ठरलंय. जागल्यांना धीर वाटावा म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुप काढलाय, नाव ‘गोपनीय मांजरसुंबा’. सामील होण्यासाठी आधार कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, दोन फोटो आणि तक्रारीची प्रत चौकातल्या चहाच्या हॉटेलात गल्ल्यावर ठेवायची आहे. अॅडमिन दोघं आहेत : अध्यक्ष आणि अण्णा.