चटक्यावरचे सल्लागार

चिंचवडगावात मोरया गोसावींच्या समाधिमंदिराकडून चाफेकर चौकाकडे येताना ज्या जुन्या सोसायट्या लागतात, त्यांतल्या प्रत्येकीत निदान एक तरी काका असे असतात, की कुठल्याशा कारखान्यात भट्टीपाशी हयात काढून सेवानिवृत्त झाल्यावर, भाजणे या विषयाची सारी मुखत्यारी आपल्याकडे आपोआप चालत आली आहे, अशी त्यांची निष्ठापूर्वक समजूत असते. कुणाच्या स्वयंपाकघरातून ‘स्स’ एवढा उद्गार निघण्याचा अवकाश, की काका चष्मा शोधीत जिना चढू लागतात. आणि दार उघडण्याचे कष्ट घरच्यांना पडू नयेत म्हणून ते स्वतःच उघडून आत येतात.

गेल्या संकष्टीला शेजारच्या सूनबाईंनी मोदकपात्राचे झाकण घाईघाईने स्वतःच्या बाजूला कलवून उचलले आणि वाफेने त्यांचे मनगट पोळले. त्यांनी तत्काळ बांगड्या उतरवल्या, कारण एकदा सूज चढली की त्या निघत नाहीत, आणि हात नळाखाली धरला. काकांनी आत येऊन पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर नळ बंद केला.

“अगं, पाणी काय लावतेस? फोड येईल ना!”

मग रीतसर पंचनामा सुरू झाला: वाफ होती की तेल, पारीत मीठ घातले होते काय, आणि उपास कडक होता की फराळाचा. या चौकशीचा उपचाराशी संबंध काय, असे विचारण्याची हिंमत सोसायटीत कोणातही नाही. चौकशीअंती तूप, हळद, शाई, टूथपेस्ट, कॉफीची पूड, किसलेला बटाटा आणि बर्फ ही सारी नावे काकांच्या मुखातून अशा खात्रीने बाहेर पडली, की जणू ती एकाच सनदेवर नोंदलेली असावीत. त्यांपैकी तुपाने आतली उष्णता कोंडते, हळदीने आणि शाईने कातडीचा खरा रंग डॉक्टरला दिसेनासा होतो, आणि बर्फ तर आधीच दुखावलेल्या कातडीला गारठवून अधिक इजा करतो. पण काकांच्या दफ्तरी असल्या हरकतींची दखल घेण्याचा शिरस्ता नाही.

त्यांचे खरे प्रेम मात्र चुन्याच्या निवळीत खोबरेल घोटून केलेल्या पांढऱ्या मलमावर. या मलमाचे घराणे मोठे आहे, हे मान्य केले पाहिजे: स्कॉटलंडातील कॅरन येथल्या लोखंडाच्या कारखान्यात चुन्याची निवळी आणि जवसाचे तेल भाजलेल्या कामगारांना लावीत, म्हणून त्याला ‘कॅरन तेल’ हेच नाव पडले. पुढे वैद्यकाने ते मोडीत काढले. पण भट्टीवरल्या माणसाने भट्टीवरल्या औषधाशी इमान राखावे, यात मला तरी काही गैर वाटत नाही. गैर वाटते ते एवढेच, की त्याच भट्टीशेजारी ‘भाजल्यास प्रथम भरपूर गार पाणी’ अशी पाटी होती, आणि काका ती नोकरीभर वाचत आले होते.

वर्तमानपत्रांतली कात्रणे हा त्यांचा दुसरा आधार. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात केळीच्या पानांच्या पट्ट्या भाजलेल्या रुग्णांवर वापरल्या गेल्या व त्यांवर शास्त्रीय निबंधही प्रसिद्ध झाले, हे अगदी खरे आहे; परंतु ती साले आणि ती पाने निर्जंतुक करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली बांधली होती, हा तपशील काकांच्या कात्रीतून निसटला. शेजारच्या पिंपरीत १९५४ साली पेनिसिलीन बनवण्यासाठी सरकारी कारखाना स्थापन झाला, तरी जंतू नावाच्या प्राण्यावर त्यांचा अद्याप विश्वास बसलेला नाही.

पाण्याविषयीच्या त्यांच्या आकसाचे कारण शोधू जाता, मला ते शास्त्रात न सापडता स्वभावात सापडले. साधे वाहते पाणी वीस मिनिटे, मग स्वच्छ कोरडे फडके, फोड आला तर तो न फोडणे, आणि जखम तळहाताहून मोठी किंवा चेहऱ्यावर असली तर थेट दवाखाना: एवढ्या या उपचारात सल्लागाराला जागाच कुठे आहे? शिवाय जेथे पाणी दिवसाआड येते, तेथे वीस मिनिटे नळ सोडून ठेवण्याची शिफारस करणारा मनुष्य सभ्य गृहस्थ कसा म्हणवून घेईल?

सूनबाईंनी वाद घातला नाही. काकांनी कोरफडीचे पान आणण्यासाठी नातवाला खालच्या कुंडीकडे पिटाळले आणि दिवाणखान्यात कॅरनशिवायचे सारे भट्टीपुराण सुरू केले, तेवढ्यात त्या न्हाणीघरात गेल्या आणि भरलेल्या बादलीतले पाणी मगने मनगटावर ओतीत बसल्या. पुराण वीस मिनिटांत आटोपण्याजोगे नव्हतेच. बाहेर आल्या तेव्हा मनगट गुलाबी होते, आग थांबली होती, आणि फोडाचे चिन्ह नव्हते.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून मनगट निरखले, मोदकाचे ताट पुढे ओढले आणि समाधानाने म्हणाले, “पाहिलंस? कोरफडीला तोड नाही.”

नातू अजून खाली कुंडी शोधीत होता.