ईजीआरचे वैरी

ट्रक अजून हमरस्त्यावरून आत वळायचा असतो, तोवर तात्यांचं निदान झालेलं असतं.

"ईजीआर."

खंबाटकीच्या अलीकडच्या कुठल्याही गॅरेजात थांबा, असे एक तात्या भेटतातच. ते मिस्त्री नसतात, मालक नसतात, आणि स्वतःची गाडी विकूनही जमाना झालेला असतो. बैठक मात्र ठरलेली: भंगारातल्या ट्रकची सीट, खाली चार विटा. शेजारी पेला. चहा कोण पाजतं हे गॅरेजमालकालाही कळलेलं नाही. त्याच्या वहीत तो 'किरकोळ खर्च' म्हणून पडतो.

तात्यांचं वैर तसं तात्त्विक आहे. डिझेल जळताना उष्णता फार वाढली की हवेतल्या नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड होतात. म्हणून सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा ईजीआरच्या व्हॉल्व्हमधून परत इंजिनात सोडतात. त्या धुरात ऑक्सिजन कमी, त्यामुळे आग जरा नरमते. हे तात्यांना ठाऊक आहे. पटलेलं नाही.

"स्वतःचाच धूर परत पोटात घ्यायचा? माणूस तरी असं करतो का?" असं म्हणून ते विडीचा झुरका घेतात आणि तोंडातून सुटलेला धूर नाकाने परत ओढतात.

त्यांच्या तक्रारीत दम नाही असंही नाही. धुरातली काजळी आणि इंजिनाच्या श्वासनळीतून येणारी तेलाची वाफ एकत्र आली की मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो. जुन्या बीएस-४ गाडीत व्हॉल्व्ह त्या थरात उघडाच अडकला, तर गाडी स्लोवर थरथरते, काळा धूर ओकते आणि लोड घेऊन घाट चढताना दम तोडते. तात्यांचा उपाय एकच. "पत्रा मार." म्हणजे व्हॉल्व्हच्या तोंडाशी पत्र्याची चकती कापून बसवायची, की वाट कायमची बंद. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटला तर? "त्यावर काळी टेप." आणि पीयूसी? इथे तात्या खुलतात, कारण पीयूसीवाला डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे तेवढंच पाहतो. नायट्रोजनचे ऑक्साइड त्याच्या यंत्राला दिसतच नाहीत. पत्रा मारलेली गाडी उलट ऐटीत पास होते.

मागे सांगलीकडची एक गाडी आली. काळा धूर, ओढ नाही. तात्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. लावला तोच होता. "ईजीआर. उघडा अडकलाय."

मिस्त्रीचा पोरगा स्कॅनर लावून बसला होता. "तात्या, व्हॉल्व्ह हुकमाप्रमाणे उघडतोय, मिटतोय. बूस्ट कमी दाखवतंय."

"स्कॅनरला घाट माहितेय का रे?"

पोरगा काही बोलला नाही. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपावर त्याने हात फिरवला. क्लिपच्या अगदी खाली बोटं तेलकट झाली. ड्रायव्हरला रेस द्यायला सांगितली, तशी तिथे बोटभर चीर उघडली आणि फुस्स करून हवा निघाली. रेस सोडताच चीर अशी मिटली, की नुसतं बघणाऱ्याला पाइप धडधाकट वाटावा. हवा वाटेतच गळत होती, डिझेल पुरतं जळत नव्हतं. लक्षणं हुबेहूब अडकलेल्या ईजीआरची. पाइप बदलला, गाडी घाटाला लागली.

"पाइप फाटला कशाने?" तात्या मागून म्हणाले. "ईजीआरच्या घाणीने." (त्या पाइपात ईजीआरचा धूर येतच नाही, तो पुढे, इंटरकूलरनंतर मिसळतो. पण वडीलधाऱ्यांना हे सांगायचं कुणी?)

खरी पंचाईत अशी, की अधूनमधून तात्या बरोबर निघतात. मग आठवडाभर गॅरेजात राहणं अवघड होतं.

परवा मात्र युरियावाली गाडी आली. बीएस-४ च्या काळात काही कंपन्यांनी ईजीआर न लावता सायलेन्सरकडेच युरियाचं पाणी फवारून हे ऑक्साइड मारायची सोय केली होती, त्यातली ही. गाडी चढाला रडत होती. तात्यांनी निकाल देऊन टाकला. पोरगा हसू दाबत म्हणाला, "तात्या, हिला ईजीआर नाहीच."

तात्यांनी विडी विझवली.

"तेच तर सांगतोय. ईजीआरच नाही, तर गाडी ओढणार कशी?"