शटरचे उस्ताद

भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट मागे टाकून अंजूरफाटा, राहनाळ, काल्हेरच्या बाजूला वळलं की गोदामांचं राज्य सुरू होतं. गोदाम आलं की शटर आलं, शटर अवजड असलं की मोटर आली, मोटरीमागोमाग रिमोट आला. आणि रिमोट बिघडला की उस्ताद आलेच.

उस्तादांचा मूळ धंदा मोटर रिवाइंडिंगचा. हल्ली स्कूटरच्या डिकीत टेस्टर, बारा व्होल्टचे बोटभर सेल आणि चार बटणांचे रिमोट असतात. रिमोटची ओळख करून देणं हे तसं दहा सेकंदांचं काम. मोटरीजवळच्या डबीतलं इवलंसं बटण दाबायचं, लाल दिवा लागला की रिमोट दाबायचा, दिवा लुकलुकला की झालं.

उस्ताद अर्धा तास घेतात.

आधी शिडी मागवतात. मग सगळ्यांना लांब उभं करून मोबाइल बंद करायला लावतात. रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो, त्याचं मोबाइलशी काही देणंघेणं नाही. पण मोबाइल चालू राहिला तर कुणीतरी व्हिडिओ काढेल, आणि ते बटण नेमकं कुठं असतं हे गावभर होईल.

उस्तादांचा खरा रुबाब पाहावा तो ड्रायव्हर रिमोट खिशात घालून नोकरी सोडून जातो तेव्हा. साध्या डबीतून एकट्या रिमोटचं नाव खोडता येत नाही. तेच बटण आठ-दहा सेकंद दाबून धरलं की सगळेच पुसले जातात, आणि मग प्रत्येक रिमोट नव्यानं शिकवावा लागतो. ठाण्याहून शेठ येतात, मॅनेजर येतो, वॉचमन येतो. सगळे रिमोट हातात धरून रांगेत. शेठनी अंगठा रोवला की वरून आवाज येतो, "शेठ, बटण दाबायचंय, गळा नाही!" एरवी उस्तादांचं बिल महिनोन्‌महिने थकवणारे शेठ मुकाट्यानं अंगठा उचलतात.

परवा अशाच रांगेत शेठना घाम फुटला. विकत घेतलेले रिमोट चार, रांगेत आले सात. उस्तादांनी शांतपणे खुलासा केला. स्वस्तातला रिमोट दर वेळी एकच कोड सोडतो. त्यात दहा लाखांवर कोड शक्य असले तरी नक्कल करणाऱ्या रिमोटला तो एकदा ऐकवला की पुरे, जुळा भाऊ तयार. महागातला मात्र दर दाबाला कोड बदलतो. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात जन्मलेली 'कीलॉक' पद्धत त्यातलीच. या पद्धतीत पोरानं घरी बसून रिमोट सोळाहून जास्त वेळा दाबला, तर गोदामाशी येऊन लागोपाठ दोनदा दाबावा लागतो. एरवी तक्रार नाही.

"तोच बसवा शेठ. मग कुणाला नक्कल करता येणार नाही."

"पण आजवर या नकला केल्या कुणी?" शेठनी विचारलं.

उस्ताद टेस्टर शोधायला डिकीत वाकले, ते बराच वेळ वाकलेलेच होते.