मा. १५ जून यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. १५ जून,
मुक्काम उन्हाळी सुट्टीचे शेवटचे टोक, महाराष्ट्र राज्य.

विषय : आपल्या स्वागतास कायमस्वरूपी गैरहजर राहण्याबाबत.
संदर्भ : नियत वयोमान, वर्षे ५८.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सहर्ष कळविण्यात येते की, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून निवृत्त झालेले आम्ही गुरुजी आणि बाई यंदाही आपल्या आगमनाच्या दिवशी घरीच असू. सकाळी दुसरा चहा घेऊ. पाऊस आला तर पाहत बसू. एसटी चुकण्याची भीती नाही, कारण ती पकडायचीच नाही.

आपला दरारा काय वर्णावा! मेच्या आरंभी सुट्टी लागायची, आणि लग्नाच्या पंगतीत आमरसाची वाटी पुढे आली की शेजारचे गुरुजी हळूच विचारायचे, ‘‘यंदा पंधरा तारखेला रविवार येतोय का हो?’’ रविवार आला, तर एका दिवसाने आयुष्य वाढल्याचा आनंद. विदर्भात ऊन उतरत नाही म्हणून तिकडच्या शाळा उशिरा उघडतात. त्या काही दिवसांपायी आम्ही चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाचासुद्धा हेवा केला.

आपण आलात की प्रवेशोत्सव. तोरणे, फुगे, प्रभातफेरी, सजवलेली बैलगाडी. पहिलीतले नवे पोर आईचा पदर सोडायला तयार नसे. त्याला जवळ घ्यावे, तोवर ग्रुपवर संदेश : ‘अत्यंत तातडीचे. प्रवेशोत्सवाचे फोटो बारापर्यंत लिंकवर टाकावेत. विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील.’ पोर रडतच राही. फोटो मात्र वेळेत जाई.

मग पोषण आहाराचा तांदूळ. पहिली ते पाचवी 100 ग्रॅम, सहावी ते आठवी 150 ग्रॅम. हजेरीशी गुणाकार, शिल्लक साठ्याशी वजाबाकी. आमचे स्वतःचे गणित पक्के राहिले, ते या खिचडीच्या कृपेने. त्यानंतर आधार. रजिस्टरात ‘सोनू’ आणि कार्डावर ‘सोनु’ असेल, तर समोर बसून पाढे म्हणणारा सोनू पोर्टलला दिसत नसे. पोर्टलला दिसला नाही तर पट घटला, पट घटला तर संचमान्यतेत पद गेले. एका उकाराने गुरुजी अतिरिक्त ठरू शकतो, हे व्याकरणाचे महत्त्व आम्हाला डी.एड.ला कोणी शिकवले नव्हते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मात्र आमची फार काळजी घेतली. कलम 27 म्हणते, शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये. सुदैवाने निवडणुका थोड्याच : लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. आणि या सगळ्यांच्या मधल्या काळात मतदारयाद्या.

आता आम्हाला वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. सेवेत असताना तो ग्रुपवर रोज द्यावा लागे.

एवढे सुख शासनाला बघवले नाही. जुलै 2023 मध्ये आदेश निघाला : रिक्त जागांवर निवृत्त शिक्षक कंत्राटी पद्धतीने घ्यावेत, दरमहा 20,000 रुपये, वयोमर्यादा 70. अठ्ठावन्नाव्या वर्षी जो माणूस नियमाने थकतो, तो एकोणसत्तराव्या वर्षी कमी पैशांत ताजातवाना होतो, हा शोध वैद्यकशास्त्राला अजून लागलेला नाही. तिकडे टीईटी उत्तीर्ण मुले-मुली शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसली आहेत. त्यांची तिशी उलटत चालली आहे. त्यांच्या जागी आमची आठवण व्हावी, हा आमचा गौरव समजावा की त्यांची थट्टा?

महोदय, आमच्या सुटकेच्या यादीत तांदूळ आहे, लिंका आहेत, माहितीच नसली तरी भरायचा निरंक अहवाल आहे. मुले त्या यादीत नाहीत. बाजारात पाठीमागून ‘‘ओ बाई!’’ ऐकू आले, तर आम्ही आजही थांबतो. ‘‘ओ बाई, लिंक भरली का?’’ असे असेल, तर मात्र आम्हाला ऐकू कमी येते.

तरी योग्य मार्गाने विनंती की, यंदा येताना प्रत्येक वर्गासाठी एक कायमस्वरूपी, तरुण शिक्षक घेऊन यावे. पोर्टलसाठी वेगळा माणूस आणावा. आणि पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोराजवळ बसायला त्या शिक्षकाला सबंध सकाळ मोकळी द्यावी. एवढे जमत असेल, तर शिकवायला आम्ही फुकटही येऊ. जमत नसेल, तर आमचा अहवाल निरंक समजावा.

आपले विश्वासू नसलेले,
समस्त सेवानिवृत्त गुरुजी आणि बाई