पडदा फाटल्यावर

पद्मिनी गाडीचा पेट्रोल पंप बदलण्याआधी मालकाने एक ठरवावं: पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचवायचं आहे की आपली ऐट चारचौघांपर्यंत. आम्ही जुन्या गाडीवाले ही दोन्ही कामं त्या मुठीएवढ्या डबीच्या गळ्यात बांधतो आणि मग तासाभराच्या कामाला अख्खा पावसाळा लावतो. माझं म्हणणं असं की पंप पूर्वीसारखाच, यांत्रिक बसवावा. फक्त अस्सलपणाच्या नावाखाली नको. अस्सलपणाचं वेड मलाही आहे, म्हणूनच त्याच्या सल्ल्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पंपात असतं काय? कॅमशाफ्टवरचा उंचवटा लिव्हरला रेटतो, लिव्हर रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, ओढते, मागच्या टाकीतलं पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग डायफ्रॅमला उलट ढकलते आणि पेट्रोल पुढे जातं. जोडीला दोन झडपा. डायफ्रॅम, झडपा, स्प्रिंग, पॅकिंग सगळं झिजणारं आणि बदललं जाणारं. म्हणजे पद्मिनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेलं जे शिल्लक उरतं ते वरचं कवच, आणि त्या कवचासाठी आम्ही बाजार पालथा घालतो.

त्यापेक्षा आत कोणतं रबर आहे ते विचारावं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. रबर फुगतं, कडक होतं, शेवटी चिरतं. त्यातलं काही इथेनॉल उसाचं, त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडे साखर कारखान्याचा सभासद आणि पद्मिनीचा मालक एकच असेल, तर त्याने तक्रार कोणाकडे करावी हा प्रश्नच आहे. फाटलेल्या डायफ्रॅममधून पेट्रोल बाहेर तरी गळतं, नाहीतर थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. दुसरा प्रकार खास आमच्यासाठी घडवलेला आहे. पट्टी ओढून पाहावी तर ऑइलची पातळी उलट वाढलेली! ‘आपली गाडी थेंबभर ऑइल पीत नाही,’ असं मालक अभिमानाने सांगत सुटतो. पट्टीचा नुसता वास घेतला तरी अभिमान उतरेल. पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खातं, शिवाय आगीची भीती वेगळीच.

आता ओल्या फडक्याबद्दल. विषयांतर आहे, पण ते केल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. एप्रिलमध्ये खंडाळ्याचा घाट चढताना गाडी आचके देऊन थांबते, कारण पंप इंजिनला चिकटलेला असतो, आणि पेट्रोलमधले हलके घटक 35-40 अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. ओढीच्या बाजूला दाब कमी, तिथे आणखी आधी. पंप मग पेट्रोलऐवजी वाफ चघळत बसतो. उपाय सर्वश्रुत: पंपावर ओलं फडकं. याला कोणी अडाणीपणा म्हणू नये. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता घेऊन जातं. मात्र या शास्त्रात पंथ फार. सुतीच हवं, टेरिकॉट पाणी धरत नाही. पंचा उत्तम, बनियन चालेल, रुमाल म्हणजे हौशीपणा. पिण्याच्या पाण्याची शेवटची बाटली पंपाची की मुलांची, यावरही सिद्धान्त आहेत आणि ते मुलांच्या बाजूचे नाहीत. या साऱ्यात बॉनेट उघडं ठेवून गाडी पाऊण तास उभी होती, ती तशीही निवलीच असती, हे मात्र कोणी बोलत नाही. निम्मं श्रेय वाऱ्याचं. बनियनवाला पूर्ण घेतो. आणि फडक्याने वाफ निवते, फाटलेला डायफ्रॅम शिवला जात नाही.

यावर इलेक्ट्रिक पंपवाले म्हणतील, टाकीजवळ पंप लावा, तो ओढण्याऐवजी ढकलेल आणि वाफेचा प्रश्न बराचसा मिटेल. हे खरं आहे. ऐटीपायी नाकारू नये. पण असल्या कार्ब्युरेटरला चारेक पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप लावला तर फ्लोटची सुई हार मानते आणि पेट्रोल उतू जातं. शिवाय यांत्रिक पंप इंजिन थांबलं की थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला कट-ऑफ दिला नाही, तर अपघातानंतर तुटलेल्या नळीतूनही तो निष्ठेने पेट्रोल पुरवत राहील. दाब जुळवून, कट-ऑफ टाकून, वायरिंग नीट करून देणारा हात असेल तर खुशाल लावा. नसेल तर चांगल्या रबराचं किट आणि योग्य जाडीचं पॅकिंग बरं, कारण पॅकिंग जाड झालं की लिव्हरचा झोका अपुरा पडतो. दुसरा आक्षेप व्हिंटेज नोंदणीचा, म्हणजे आतले भाग बदलले तर ती हुकेल हा. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांपुढच्या गाडीला ती मिळते, आणि तिथे अट आहे ती चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसण्याची. डायफ्रॅमचं रबर तपासायला कोणी येत नाही.

खरी चीड येते ती पुढेच. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस वीस वर्षांच्या मर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सीवाल्यांनी अस्सलपणाचा शब्दही न काढता, मिळेल त्या किटवर, हाताने लिव्हर मारून या गाड्या चालवल्या आणि त्यांवर घरं चालवली. त्यांच्या पंपांवर हात बसलेले मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत, आणि आमच्या झाकून ठेवलेल्या गाड्या चालतात त्या त्यांच्या जिवावर. तरीही ‘पंप मी केला’ असं सांगणारे आम्हीच. बंपरच्या क्रोमला किंमत न विचारता पैसे मोजायचे आणि पंपाच्या मजुरीत मात्र शंभर रुपये कमी करा म्हणायचं, याचं समर्थन करणारा युक्तिवाद मला अजून सुचलेला नाही.